चॉकलेट विकणारे इमाम आणि ५४ वर्षं अडलेलं उत्तर

१९६० च्या दशकात केपटाऊनच्या बाहेरच्या लांगा, गुगुलेतू आणि न्यांगा या वस्त्यांमध्ये एक सेल्समन नेमाने यायचे. ते विल्सन राऊन्ट्री या मिठाई बनवणाऱ्या कंपनीचे विक्री प्रतिनिधी. दुकानदारांकडून चॉकलेट-गोळ्यांच्या ऑर्डर घ्यायचं त्यांचं काम. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, डोक्यावर फेज टोपी आणि बोलणं एकदम मनमोकळं. ते आले की पोरं भोवती जमायची, कारण या माणसाकडे खाऊ असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मोठी माणसं मात्र त्यांना ‘मफुंडिसी’ म्हणायची. खोसा भाषेत हा शब्द धर्मोपदेशकासाठी, गुरुजींसाठी वापरतात.

त्यांचं नाव अब्दुल्ला हरून. आठवडाभर सेल्समन आणि त्याच वेळी क्लेअरमाँट उपनगरातल्या स्टेगमन रोडवरच्या मशिदीचे इमाम. २८ मे १९६९ ला दक्षिण आफ्रिकेच्या सुरक्षा पोलिसांनी त्यांना ‘दहशतवाद कायद्या’खाली ताब्यात घेतलं. १२३ दिवसांनी पोलीस कोठडीत त्यांचा मृत्यू झाला. वय अवघं ४५. जिन्यावरून घसरून पडले, असं पोलिसांनी सांगितलं.

ते खोटं होतं हे कोर्टाने मान्य केलं २०२३ मध्ये. म्हणजे ५४ वर्षांनी.

खरं सांगायचं तर हे नाव मलाही माहीत नव्हतं. बी.ए.ला असताना दक्षिण आफ्रिकेचा वर्णभेद म्हणजे परीक्षेतलं एक टिपण होतं. त्यात मंडेला होते, रॉबेन बेट होतं, पीटरमारित्झबर्गला रेल्वेतून उतरवलेले आपले गांधीजी होते. एक धर्मगुरू चॉकलेटच्या फेऱ्यांच्या आडून कैद्यांच्या घरी पैसे पोहोचवत होता, हे त्या टिपणात कुठेच नव्हतं. म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगावीशी वाटली.

रंगावरून वाटलेलं शहर

केपटाऊनमध्ये मुसलमान आले ते तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी. डच ईस्ट इंडिया कंपनीने आजच्या इंडोनेशियातून आणि भारताच्या किनाऱ्यांवरून गुलाम आणि राजकीय कैदी तिथे नेले. त्यांच्या वंशजांना पुढे ‘केप मलाय’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या सुरुवातीला आपल्या रत्नागिरी भागातली कोकणी मुस्लिम कुटुंबंही पोटापाण्यासाठी केपटाऊनला जाऊन स्थायिक झाली. त्या शहरात आजही कोकणी समाज आहे. म्हणजे नकाशावर दूर दिसणारी ही जागा आपल्याला अगदीच परकी नाही.

१९४८ मध्ये तिथे नॅशनल पार्टीचं सरकार आलं आणि वर्णभेद हा देशाचा कायदा झाला. १९५० मध्ये प्रत्येक माणसाची वंशानुसार नोंद सुरू झाली: गोरा, कृष्णवर्णीय किंवा ‘कलर्ड’ म्हणजे मिश्रवंशीय. भारतीयांचाही पुढे वेगळा गट झाला. त्याच वर्षी ‘ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट’ आला. कोणत्या रंगाच्या माणसाने शहराच्या कोणत्या भागात राहायचं, हे आता सरकार ठरवणार. चांगल्या, मध्यवर्ती वस्त्या एकेक करून ‘गोऱ्यांसाठी’ जाहीर झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांना घरं सोडावी लागली. कृष्णवर्णीयांचं तर आणखी कठीण. जवळ पासबुक नसेल तर रस्त्यावरून थेट तुरुंगात.

एक बारकावा लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा आहे. कायद्याने लोकांना फक्त गोऱ्यांपासून वेगळं केलं नव्हतं, एकमेकांपासूनही वेगळं केलं होतं. कृष्णवर्णीयांच्या वस्तीत बाहेरच्या माणसाला परवान्याशिवाय जाता येत नसे. मशिदीत येणारा मलाय माणूस आणि लांगातला खोसा माणूस एकाच शहरात राहायचे, पण त्यांची ओळख होण्याची शक्यता जवळपास शून्य.

‘हा कसला इमाम?’

अब्दुल्ला यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९२४ चा, न्यूलँड्स-क्लेअरमाँट भागातला. पाच भावंडांत ते धाकटे. तान्हे असतानाच आई गेली. निपुत्रिक आत्याने, मरियमने, त्यांना वाढवलं. प्राथमिक शाळेनंतर धार्मिक शिक्षणासाठी ते मक्केला गेले, परत आल्यावर केपटाऊनमधल्या शेखांकडे शिकले. १९५० मध्ये गलीमा सादान यांच्याशी लग्न झालं. पुढे तीन मुलं झाली: शमेला, मुहम्मद आणि फातिमा.

१९५५ मध्ये स्टेगमन रोडच्या अल-जामिया मशिदीने त्यांना इमाम नेमलं, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. काही ज्येष्ठांना हे रुचलं नाही. एक तर वय कमी. त्यात या माणसाला क्रिकेट आवडतं, रग्बी आवडते, सिनेमा आवडतो, कपडेही झोकात! इमाम म्हटल्यावर डोळ्यांसमोर जी गंभीर मूर्ती येते, तिच्याशी हे काही जुळत नव्हतं.

पण तरुण मुलांना नेमकं हेच आवडलं. मशिदीत अभ्यासवर्ग सुरू झाले. पुरुषांसाठी आणि स्त्रियांसाठीही. बाहेरचे वक्ते येऊ लागले. त्यात शिक्षक होते, राजकीय विचारांची माणसं होती, आणि सगळी मुसलमान नव्हती. १९५८ मध्ये ‘क्लेअरमाँट मुस्लिम यूथ असोसिएशन’ उभी राहिली. तिचं ‘इस्लामिक मिरर’ नावाचं छोटं पत्रक निघायचं. १९६० मध्ये ‘मुस्लिम न्यूज’ हे वृत्तपत्र सुरू झालं, तेव्हा इमाम हरून त्याचे संपादक झाले.

हे सगळं वाचताना एखाद्या आधुनिक विचारांच्या मशिदीचं चित्र उभं राहतं आणि तसं ते होतंही. पण खरा वाद वेगळाच होता.

त्या काळातल्या बऱ्याच धर्मनेत्यांचं म्हणणं सरळ होतं: सरकार आपल्याला नमाज पढू देतं, रोजे ठेवू देतं, हजला जाऊ देतं. मग सरकारशी भांडायचं कशासाठी? राजकारण हे आपलं काम नाही. हे म्हणणं नुसतं भित्रेपणाचं होतं असं मला वाटत नाही. समाज छोटा होता, सरकार क्रूर होतं, मशिदी आणि मदरसे सांभाळायचे होते. घरात वडीलधारे ज्या सुरात ‘आपण बरं, आपलं काम बरं’ म्हणतात, तोच सूर.

इमाम हरून यांना हा हिशेब पटत नव्हता. नमाजाच्या रांगेत माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतात, तिथे उच्च-नीच नसतो, असं आपण शिकवतो. मग रांगेबाहेर पडल्यावर शेजाऱ्याला रंगावरून घराबाहेर काढलं जातं, तेव्हा धर्म गप्प कसा बसेल? त्यांच्या दृष्टीने हा राजकारणाचा प्रश्न नव्हताच. तो थेट श्रद्धेचा प्रश्न होता.

२१ मार्च १९६० ला शार्पविल इथे पासबुकांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. ६९ माणसं मेली. काही दिवसांतच केपटाऊनमध्ये लांगाहून हजारो लोकांचा मोर्चा निघाला, देशात आणीबाणी लागली, आणि एएनसी व पीएसी या दोन मुख्य संघटनांवर बंदी आली. पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, इमाम हरून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘द कॉल ऑफ इस्लाम’ नावाचं जाहीर पत्रक काढलं. ग्रुप एरियाज अ‍ॅक्ट आणि एकूणच वर्णभेद इस्लामच्या शिकवणीविरुद्ध आहे, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. केपटाऊनच्या ड्रिल हॉलमधल्या सभेतही ते यावर बोलले.

नंतर तो कायदा त्यांच्या स्वतःच्या दारातही आला. हरून कुटुंबाला क्लेअरमाँट सोडून अ‍ॅथलोन भागात जावं लागलं. मशीद जागेवर राहिली, नमाजी मात्र पांगले.

खाऊची पिशवी आणि बंद पाकिटं

आता त्या चॉकलेटच्या नोकरीकडे येऊ. कारण मला ती या सगळ्या गोष्टीचा कणा वाटते.

कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये बाहेरच्याला प्रवेश नाही, हे वर आलंच आहे. पण माल विकायला येणाऱ्या सेल्समनला तिथे जाण्याचं कारण असतं. ज्या भिंती राज्यकर्त्यांनी इतक्या मेहनतीने उभ्या केल्या होत्या, त्यात धंद्यासाठी एक फट ठेवलेली होती. इमाम हरून त्या फटीतून आत गेले. दिवसभर दुकानांच्या ऑर्डर घ्यायच्या आणि त्या निमित्ताने लोकांशी बोलायचं. कोणाच्या घरी काय अडलंय, कोणाचा नवरा पकडला गेलाय, कोणाची पोरं उपाशी आहेत, हे सगळं त्यांना कळू लागलं. लांगात त्यांचं धर्मकार्यही सुरू झालं, काही जणांनी इस्लाम स्वीकारला. पण मदत मिळायला मुसलमान असण्याची अट नव्हती.

रॉबेन बेटावर आणि इतर तुरुंगांत गेलेल्यांच्या कुटुंबांचं काय होत असेल, याचा विचार आपण सहसा करत नाही. चळवळीच्या इतिहासात तुरुंगात गेलेल्याचं नाव येतं. मागे राहिलेल्या बाईने भाडं कसं भरलं, शाळेची फी कुठून आणली, हे येत नाही. इमाम हरून यांनी स्वतःसाठी निवडलेलं काम नेमकं हेच होतं. अन्न, पैसे, कपडे. कोणताही गाजावाजा नाही.

त्यासाठी पैसे हवे होते. १९६० च्या दशकात परदेश प्रवासात ते मक्केला गेले, कैरोला गेले, लंडनलाही गेले. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलचे कॅनन जॉन कॉलिन्स वर्णभेदाच्या बळींसाठी ‘डिफेन्स अँड एड फंड’ चालवत. राजकीय खटल्यांतल्या आरोपींना वकील आणि त्यांच्या घरच्यांना आधार मिळावा, यासाठी तो निधी होता. दक्षिण आफ्रिकेत त्यावर बंदी होती. एका ख्रिस्ती पाद्र्याने जमवलेला पैसा एक मुस्लिम इमाम गुपचूप खोसा कुटुंबांपर्यंत पोहोचवतो आहे, असं हे जाळं होतं. वर्णभेदाच्या सरकारला खुपावं असं यात सगळंच होतं.

एक गोष्ट इथे झाकून ठेवणं बरोबर होणार नाही. इमाम हरून यांचा संबंध फक्त धर्मादायापुरता नव्हता. बंदी आलेल्या पीएसी या संघटनेच्या देशातल्या आणि परागंदा झालेल्या कार्यकर्त्यांशी त्यांचा संपर्क होता, आणि त्या संघटनेच्या काही लोकांनी बंदीनंतर सशस्त्र मार्ग धरला होता. पोलिसांचा संशय तिथूनच सुरू झाला. इमामांनी नेमकं काय आणि किती केलं, हे कोर्टात तपासता आलं असतं. पण त्यांच्यावर कधी आरोपपत्रच दाखल झालं नाही.

मोठी मुलगी शमेला तेव्हा शिकायला लंडनला होती. पोलिसांचा पाळतीचा फास आवळत चाललाय, हे जवळच्या लोकांना दिसत होतं. परत जाऊ नका, असं बाहेरच्या मित्रांनी सुचवलंही. इमाम परत आले. घर इथे, मशीद इथे आणि ती पाकिटं ज्यांच्यापर्यंत पोहोचायची ती माणसंही इथेच.

१२३ दिवस

२८ मे १९६९. त्या दिवशी इस्लामी पंचांगाप्रमाणे १२ रबी-उल-अव्वल होती, म्हणजे पैगंबरजयंती. शहरभर मशिदींमध्ये मिलादचे कार्यक्रम होते. त्याच दिवशी सुरक्षा पोलिसांनी इमामांना बोलावून घेतलं आणि ते घरी परतलेच नाहीत.

१९६७ च्या दहशतवाद कायद्याच्या कलम ६ खाली पोलिसांना संशयिताला अमर्याद काळ एकांतवासात ठेवता येत असे. वकील नाही, नातेवाइकांची भेट नाही, कोर्टात दाद नाही. चौकशी करणारे म्हणतील तोपर्यंत माणूस आतच. आधी कॅलेडन स्क्वेअर आणि नंतर मेटलँड पोलीस ठाणं, असा इमामांचा मुक्काम होता. गलीमा डबा आणि धुतलेले कपडे घेऊन ठाण्यावर जायच्या. ते आत जायचं. भेट मात्र नाही.

जून गेला, जुलै गेला, ऑगस्ट गेला. ज्या नेत्यांच्या सोबतीने इमाम वर्षानुवर्षं व्यासपीठावर बसले होते, त्यांतले बरेच या काळात गप्प राहिले. ही गोष्ट केपटाऊनच्या मुस्लिम समाजात आजही बोलली जाते आणि बोलताना आवाज थोडा खाली येतो.

२७ सप्टेंबर १९६९ ला मेटलँडच्या कोठडीत इमाम मृतावस्थेत सापडले.

शवविच्छेदनात अंगावर वीसहून अधिक ठिकाणी मार लागल्याच्या खुणा आणि एक मोडलेली बरगडी आढळली. त्या खुणा सगळ्या एकाच वेळच्याही नव्हत्या. पोलिसांचं म्हणणं मात्र ठरलेलं होतं: काही दिवसांपूर्वी ते जिन्यावरून पडले होते. १९७० मध्ये मॅजिस्ट्रेटपुढे चौकशी झाली. बऱ्याचशा जखमा चुकून जिन्यावरून पडल्याने झाल्या आणि उरलेल्या कशामुळे झाल्या ते सांगता येत नाही, असा निष्कर्ष निघाला. कोणीही दोषी ठरलं नाही. पुढे गलीमांनी भरपाई मागितल्यावर सरकारने आपली चूक न मानता ५,००० रँड देऊ केले.

‘उरलेल्या कशामुळे झाल्या ते सांगता येत नाही.’ सरकारी भाषेत किती सहज बसतं हे वाक्य! त्या ‘उरलेल्या’ शब्दात एका माणसाचे शेवटचे दिवस आहेत.

जनाजा आणि भूकंप

२९ सप्टेंबरला अ‍ॅथलोनच्या मैदानात जनाजाची नमाज झाली. सुमारे तीस हजार माणसं आली असं सांगतात. तिथून मोब्रेच्या कब्रस्तानापर्यंत कित्येक किलोमीटर लोकांनी जनाजा खांद्यावरून नेला. सगळे रंग त्या गर्दीत होते, सगळे धर्म होते. जे लोक चार महिने बोलले नव्हते, त्यांतलेही बरेच त्या दिवशी चालत होते.

त्याच रात्री दहाच्या सुमारास केपटाऊनची जमीन हादरली. शहरापासून काही अंतरावरच्या टलबाख भागात ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला होता. दक्षिण आफ्रिकेत इतके मोठे भूकंप क्वचितच होतात. विज्ञानाच्या दृष्टीने हा योगायोग, यात शंका नाही. पण नुकतंच आपल्या इमामाला दफन करून घरी परतलेल्या लोकांना त्या रात्री काय वाटलं असेल, याची कल्पना करता येते. केपटाऊनमधले जुने लोक अजूनही त्या भूकंपाचा विषय निघाला की आधी इमामांचं नाव घेतात.

ऑक्टोबरमध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये कॅनन कॉलिन्स यांनी इमामांसाठी स्मरणप्रार्थना ठेवली. आणि १९७१ मध्ये तर एक विलक्षण गोष्ट घडली. बर्नार्ड रँकमोर नावाच्या अँग्लिकन पाद्र्याने इमामांच्या मृत्यूची नव्याने चौकशी व्हावी म्हणून उपोषण सुरू केलं. जागा निवडली ती केपटाऊनवर उभ्या असलेल्या सिग्नल हिलवरच्या एका मुस्लिम दर्ग्याची. मुस्लिम इमामासाठी ख्रिस्ती पाद्री दर्ग्यात बसून उपाशी राहिला, आणि तेही तब्बल ६७ दिवस. पंतप्रधान जॉन फोर्स्टर बधले नाहीत. चौकशी झाली नाही.

मागे राहिलेल्यांची वर्षं

इमाम गेले तेव्हा धाकटी फातिमा पाच-सहा वर्षांची होती. मुहम्मद शाळकरी वयाचा. ज्या इमामांनी तुरुंगात गेलेल्यांच्या बायका-मुलांना सांभाळलं, त्यांची स्वतःची बायको-मुलं आता त्याच रांगेत होती.

गलीमा शिवणकाम करायच्या. त्यांनी त्यावरच घर पुढे नेलं. मुलं शिकली. मुहम्मद पुढे धर्मशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि वडिलांच्या कामाविषयी त्यांनी बरंच लिहिलं. फातिमा यांनी वडिलांच्या नावाने काम उभं केलं. वर्णभेद संपला, १९९४ मध्ये मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले, नवी राज्यघटना आली. नवीन दक्षिण आफ्रिकेने इमामांचा सन्मान केला, त्यांच्या कबरीला वारसास्थळाचा दर्जा दिला. पण कोर्टाच्या कागदावर १९७० चा निकाल तसाच होता. कायद्याच्या भाषेत अब्दुल्ला हरून अजूनही जिन्यावरूनच पडले होते.

कुणी म्हणेल, सगळ्या जगाला खरं माहीत असताना कागदाचं एवढं काय? मलाही आधी असंच वाटलं. मग लक्षात आलं की हा कागद म्हणजे सरकारने एका बायकोला आणि तीन मुलांना अधिकृतपणे दिलेलं उत्तर होतं. ते खोटं आहे हे माहीत असूनही तेच नोंदीत राहणार, तेच अभिलेखागारात जपलं जाणार. ते खोडायला कोर्टच लागतं.

वाट दाखवली ती दुसऱ्या एका प्रकरणाने. अहमद तिमोल हा भारतीय वंशाचा तरुण शिक्षक १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून पडून मेला. तेव्हा ती आत्महत्या ठरली. त्याच्या कुटुंबाने पाठपुरावा केला आणि २०१७ मध्ये कोर्टाने तो निकाल फिरवला: त्याला पोलिसांनी मारलं होतं. मग हरून कुटुंबाने आपली मागणी नेटाने लावून धरली.

२०१९ मध्ये इमामांच्या मृत्यूला ५० वर्षं झाली. कुटुंबाने आणि समाजाने १२३ दिवस कार्यक्रम केले, कोठडीतल्या एकेका दिवसासाठी एकेक दिवस. तो काळ संपत आला आणि २९ सप्टेंबर २०१९ ला, नवऱ्याच्या दफनाला बरोबर पन्नास वर्षं पूर्ण झाली त्याच तारखेला, गलीमा गेल्या. वय नव्वदीपुढे. निकाल त्यांना ऐकायला मिळाला नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये केपटाऊनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती डॅनियल थुलारे यांच्यापुढे चौकशी पुन्हा उघडली. मुख्य चौकशी करणारे पोलीस अधिकारी केव्हाच मरून गेले होते. त्या काळात मेटलँड ठाण्यात ड्यूटीवर असलेला, आता म्हातारा झालेला एक माजी पोलीस साक्षीला आला. न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जुना शवविच्छेदन अहवाल नव्याने वाचला. एका अभियंत्याने जिन्यावरून पडण्याच्या गोष्टीची शास्त्रीय तपासणी केली. मुलांनीही साक्ष दिली. पन्नाशी-साठी-सत्तरीत पोहोचलेली मुलं, आणि सांगायचं होतं बाप कसा गेला ते.

९ ऑक्टोबर २०२३ ला निकाल आला. १९७० चा निष्कर्ष रद्द झाला. इमाम हरून जिन्यावरून पडून मेले नाहीत, सुरक्षा पोलिसांनी केलेल्या छळामुळे मेले, असं कोर्टाने नोंदवलं. शिक्षा द्यायला कोणी उरलं नव्हतं. नोंद तेवढी बदलली.

आज केपटाऊनमध्ये पूर्वीच्या लॅन्सडाउन रोडचा एक भाग ‘इमाम हरून रोड’ म्हणून ओळखला जातो. तो क्लेअरमाँटच्या बाजूला जातो, जिथून हरून कुटुंबाला घर सोडून जावं लागलं होतं. स्टेगमन रोडची मशीद अजून तिथेच आहे. हुसकावलेल्या कुटुंबांतली माणसं वर्षानुवर्षं दुसऱ्या उपनगरांतून तिथे नमाजाला येत राहिली.